कंसातलं नाव : कॅथी डेनिसचं प्रकरण

गेल्या भाऊबीजेला जेवणं उरकत आली होती आणि भाचीनं मोबाइलवरून ब्रिटनी स्पिअर्सचं ‘टॉक्सिक’ लावलं. सुरुवातीचं ते चिरत जाणारं व्हायोलिन वाजलं आणि आई हातातलं पातेलं घेऊनच बाहेर आली. “अगं, हे लताचं गाणं ना?” भाची खो खो हसली. “आजी, ही ब्रिटनी आहे गं.” आई ऐकेना. “गाणारी कोण का असेना, वाजतंय ते लताच्या गाण्यातलंच आहे.”

आईचं बरोबर होतं. १९८१ साली के. बालचंदर यांचा ‘एक दूजे के लिए’ आला. त्यात लता मंगेशकर आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांनी गायलेलं ‘तेरे मेरे बीच में’ आहे. संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल, शब्द आनंद बक्षी. ‘टॉक्सिक’मधलं व्हायोलिन या गाण्यातून उचललेले दोन तुकडे एकमेकांना शिवून केलेलं आहे. (ब्रिटनीचा जन्मही १९८१चाच. योगायोग, दुसरं काही नाही.)

भाचीला हे पटायला पाच मिनिटं लागली. मग तिनं विचारलं, “मामा, मग हे गाणं लिहिलं कुणी?” फोनवर बघितलं. नावं चार. क्रिस्टियन कार्लसन, पाँटस विनबर्ग आणि हेन्रिक यॉनबॅक हे तीन स्वीडिश पुरुष. चौथी एक इंग्रज बाई, कॅथी डेनिस.

“कोण ही?”

हा प्रश्न मला जरा लागला, कारण १९९१ मध्ये हा प्रश्न अमेरिकेतल्या किंवा इंग्लंडमधल्या कुठल्याही कॉलेजच्या मुलानं विचारला नसता. तेव्हा ही बाई टीव्हीवर सतत दिसत होती. मग ती दिसेनाशी झाली, आणि तिची गाणी मात्र आधीपेक्षा कितीतरी जास्त वाजायला लागली. पॉप गायिकेची कारकीर्द संपली की तिचं काय होतं, याचं मला माहीत असलेलं सगळ्यात चांगलं प्रकरण हे आहे. ‘गायिका होती, मग गीतकार झाली’ असं त्याचं वर्णन नेहमी केलं जातं. ते वर्णन मला पटत नाही. का, ते पुढे येईलच.

आधी गाणारी

जन्म २५ मार्च १९६९, इंग्लंडच्या पूर्वेकडच्या नॉर्विच गावातला. वडिलांचा बँड होता आणि मुलगी शाळकरी वयापासून त्यात गायची. सुट्टीत कुटुंबं चार दिवस येऊन राहतात तसल्या हॉलिडे कॅम्पांत, जेवणाऱ्या-नाचणाऱ्या लोकांसमोर, लोकांच्या ओळखीची गाणी गायची, असलं ते काम. आपल्याकडे ऑर्केस्ट्रात गाणाऱ्या मुलींना जी तालीम मिळते तीच ही. समोरच्या माणसाचा पाय कुठल्या ओळीला हलतो आणि तो उठून चहा आणायला कधी जातो, हे रोज दिसतं. मला वाटतं, पुढच्या सगळ्या गाण्यांचा पाया इथेच पडला.

तिला हेरलं सायमन फुलर या व्यवस्थापकानं. हे नाव लक्षात ठेवा, प्रकरणात ते पुन्हा पुन्हा येणार आहे. १९८५ मध्ये पॉल हार्डकासलचं ‘नाइन्टीन’ नावाचं गाणं गाजलं आणि त्या यशावर फुलरनं कंपनी काढली. तिचंही नाव नाइन्टीन.

कॅथीचा आवाज पहिल्यांदा गाजला तो दुसऱ्याच्या नावाखाली. डी मॉब हा लंडनच्या डान्स संगीतातला प्रकल्प, त्यामागचा माणूस डॅनी डी. त्याच्या ‘कमॉन अँड गेट माय लव्ह’ या १९८९च्या गाण्यात ती गायली आणि १९९० मध्ये ते अमेरिकेत पहिल्या दहात गेलं. त्यानंतर तिचा स्वतःचा पहिला अल्बम आला, ‘मूव्ह टू धिस’. त्यातली तीन गाणी अमेरिकेत पहिल्या दहात. ‘टच मी’ तर १९९१ मध्ये थेट दुसऱ्या क्रमांकावर पोचलं, ब्रिटनमध्ये पाचव्या. डी मॉबचं धरलं तर अमेरिकेत एकूण चार गाणी पहिल्या दहात, आणि मुलगी बावीस वर्षांची.

इथे थोडं थांबून त्या काळच्या तबकडीवरचं लेबल डोळ्यांसमोर आणू. गाण्याचं नाव मोठ्या अक्षरात, गाणारीचं नाव त्याहून मोठ्या अक्षरात, आणि गाण्याच्या नावाखाली कंसात, भिंग लावून वाचावीत अशी एक-दोन आडनावं. ती लिहिणाऱ्यांची. आता ‘टच मी’च्या कंसात बघा. गाणं मुळात १९८४चं, न्यूयॉर्कच्या डान्स क्लबांतलं, पॅट्रिक अ‍ॅडम्स आणि ग्रेग कार्मायकल यांनी लिहिलेलं, फोंडा रे हिनं गायलेलं. कॅथीनं ते घेतलं आणि त्यात नवे शब्द घातले. म्हणून त्या दोघांच्या सोबत तिचंही नाव आलं. ‘टू मेनी वॉल्स’ हे संथ गाणं तिनं अ‍ॅन डडली या वाद्यवृंदरचनेत मुरलेल्या संगीतकर्तीसोबत लिहिलं. ‘जस्ट अनदर ड्रीम’ डॅनी डीसोबत. म्हणजे मुखपृष्ठावर चेहरा झळकत होता त्याच वर्षी कंसातही डेनिस हे आडनाव होतंच. ते कुणी वाचत नव्हतं, एवढंच.

घसरण, आणि १९९७

दुसरा अल्बम ‘इंटू द स्कायलाइन’ १९९२ मध्ये आला. वाईट नव्हता. पण डान्स संगीताची हवा दर सहा महिन्यांनी पालटते आणि पहिल्या अल्बमचं यश काही परत आलं नाही.

तिसऱ्या अल्बमची गोष्ट मला जास्त बोलकी वाटते. नव्वदीच्या मध्यावर ब्रिटनमध्ये गिटारवाल्या बँडची लाट होती. साठच्या दशकातल्या लंडनची आठवण काढणारी, आपल्या गल्लीबोळांवर लिहिलेली गाणी. कॅथीनं नाचाचा ठेका सोडला आणि ‘अ‍ॅम आय द काइंडा गर्ल?’ हा अल्बम त्या वळणावर केला. शीर्षकच प्रश्नार्थक आहे : मी त्यातली आहे का? किंक्स या बँडचं ‘वॉटरलू सनसेट’ हे रे डेव्हिसनं लिहिलेलं १९६७चं गाणं तिनं नव्यानं गायलं आणि १९९७ मध्ये ते ब्रिटनमध्ये अकराव्या क्रमांकापर्यंत गेलं. पण अल्बम खपला नाही.

या अल्बमला टीकाकार आणि चाहते ‘तिचा खरा आवाज’ म्हणतात. असेल. मी तो बऱ्याचदा ऐकलाय आणि माझं मत जरा वेगळं आहे. त्यात ती फार नीट वागतेय. गाणं सुबक आहे, शब्द हुशार आहेत, पण ऐकणाऱ्याला ‘ही बाई कोण’ हे कळत नाही. पहिल्या अल्बमवरही तेच होतं, पण तिथे ठेका इतका जोरात होता की कुणाला पर्वा नव्हती. मॅडोनाचं गाणं सुरू झालं की खोलीत मॅडोना येते. कॅथीचं गाणं सुरू झालं की गाणं येतं. तारा म्हणून ही उणीव. लेखक म्हणून मात्र याच्याइतकं मोठं भांडवल नाही.

ब्रिटनमध्ये पॉप गायिकेची गादी डळमळली की पुढचे रस्ते साधारण ठरलेले असतात. अभिनय हा त्यातला सगळ्यात रुळलेला. याचं उत्तम उदाहरण बिली पायपर. पंधराव्या वर्षी, १९९८ मध्ये, पहिल्याच गाण्यानं ब्रिटनमध्ये पहिला क्रमांक. मग गाणं सोडलं. २००५ मध्ये ‘डॉक्टर हू’ मालिकेतली रोझ. आणि पुढे लंडनच्या रंगभूमीवर ‘येर्मा’साठी ऑलिव्हिए पुरस्कार. उलटा रस्ताही आहे. कायली मिनोग ऑस्ट्रेलियाच्या ‘नेबर्स’ मालिकेतली नटी होती, तिथून ती गायिका झाली. बाकी मग टीव्हीवर सूत्रसंचालन, नाताळातली बालनाट्यं, जुन्या गाण्यांचे दौरे. या सगळ्या वाटांत एक गोष्ट सारखी आहे : चेहरा चालू राहतो, काम बदलतं. कॅथी डेनिसनं बरोबर याच्या उलट केलं. काम चालू ठेवलं, चेहरा काढून घेतला.

तिशीच्या उंबरठ्यावर

१९९७च्या नोव्हेंबरात आणखी एक घटना घडली. फुलर तोवर स्पाइस गर्ल्स या पाच मुलींच्या गटाचा व्यवस्थापक म्हणून ब्रिटनच्या पॉप संगीतातला एक ताकदवान माणूस झाला होता, आणि त्या पाचजणींनी त्याला काढून टाकलं. त्यानं हातपाय गाळले नाहीत. वर्षभरात त्यानं सात मुलामुलींचा नवा गट उभा केला, एस क्लब सेव्हन, आणि त्यांच्याभोवती टीव्ही मालिका बांधली. मालिकेला दर भागात गाणी लागतात. गट नवा, मुलं कोवळी, कुणी स्वतः लिहिणारं नाही. आणि फुलरच्या ओळखीत एक बाई होती, जिला गाणं कसं बनतं आणि कसं गातात हे दोन्ही माहीत होतं, आणि जी आता स्वतःसाठी गात नव्हती.

याला नशीब म्हणा. मी त्याला निम्मं नशीब म्हणेन. दार फुलरचं होतं हे खरंच. तो नसता तर ही कहाणी अशी घडली नसती, हे कबूल न करणारे लेख मला अप्रामाणिक वाटतात. पण दारातून आत गेल्यावर जे टिकलं ते गाण्यांमुळे.

एस क्लब सेव्हनसाठी तिनं अँड्र्यू टॉडसोबत ‘रीच’ लिहिलं. २००० मध्ये ते ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं आणि आजही तिथल्या लग्नात, शाळेच्या निरोप समारंभात वाजतं. सायमन एलिससोबत लिहिलेलं ‘नेव्हर हॅड अ ड्रीम कम ट्रू’ त्याच वर्षी बीबीसीच्या ‘चिल्ड्रन इन नीड’ या मदतनिधीचं गाणं झालं. ब्रिटनमध्ये पहिलं, अमेरिकेतही पहिल्या दहात. २००१ मध्ये त्याच निधीसाठी ‘हॅव यू एव्हर’, तेही पहिलं. यातली एकही ओळ कॅथीच्या स्वतःच्या आयुष्यातली वाटत नाही, आणि तेच बरोबर आहे. ती सात कोवळ्या मुलांच्या तोंडात शोभणारी वाक्यं आहेत.

आपल्याला हे कळायला अवघड नाही. जगदीश खेबुडकर पेशानं शिक्षक, आणि त्यांनी बोर्डावरच्या बाईच्या तोंडी लावण्या घातल्या. कुणी त्यांना विचारलं नाही की ‘गुरुजी, हा तुमचा खरा आवाज का?’ आकाशवाणीवर गाणं लागण्याआधी निवेदिका गीत कुणाचं, संगीत कुणाचं, आवाज कुणाचा हे क्रमानं सांगायची, त्यामुळे गदिमा, शांताबाई, खेबुडकर ही नावं आमच्या आयांना पाठ. ब्रिटनच्या पॉप रेडिओवर मात्र गाणारीचं नाव घेतलं की विषय संपला.

साडेतीन तास आणि वीस सेकंद

आता या प्रकरणातला सगळ्यात मोठा दाखला. रॉब डेव्हिस हा सत्तरच्या दशकातल्या मड या चमचमत्या कपड्यांच्या बँडचा गिटारवादक. तोही कॅथीसारखाच, एके काळी पोस्टरवर आणि आता मागच्या खोलीत. दोघांना एकत्र बसवलं ते फुलरनं. डेव्हिसच्या घरातल्या छोट्या स्टुडिओत त्यानं संगणकावर मिनिटाला सव्वाशे ठोक्यांचा एक साधा ठेका लावला आणि गिटार हातात घेतली. साडेतीनेक तासांत गाणं तयार झालं : ‘कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड’.

या गाण्याची बांधणी जरा उलगडून बघण्यासारखी आहे. नेहमीचं पॉप गाणं कडव्यानं सुरू होतं, हळूहळू चढतं आणि मग धृपद येतं. इथे पहिल्या क्षणापासून नुसतं ‘ला ला ला’. त्याला अर्थ नाही, भाषा नाही, म्हणून ते टोकियोत आणि ब्वेनोस आयर्समध्ये सारखंच तोंडात बसतं. मग लगेच शीर्षकाची ओळ. वेगळं कडवं म्हणावं असं धड काही नाहीच, एक ओळ दुसरीत वळत राहते. जी गोष्ट डोक्यातून जात नाही असं शब्द सांगतात, तीच गोष्ट चाल करून दाखवते. ‘का आवडलं’ याचं उत्तर इतकं साधं असणं हीच खुबी. हॉलिडे कॅम्पातल्या त्या मुलीनं लोकांचे पाय बघितले होते, हे मी उगाच नाही सांगितलं.

गाणं तयार, पण त्याला घर मिळेना. एस क्लब सेव्हनला द्यावं असा विचार होता. फुलरला ते त्यांच्यासाठी योग्य वाटलं नाही. शेवटी डेव्हिसमार्फत ते कायली मिनोगच्या रेकॉर्ड कंपनीच्या माणसाकडे गेलं. कायलीनं डेमो, म्हणजे नमुन्यादाखल केलेलं ध्वनिमुद्रण, जेमतेम वीस सेकंद ऐकला आणि होकार दिला.

सप्टेंबर २००१ मध्ये गाणं बाहेर आलं. त्याच आठवड्यात स्पाइस गर्ल्समधल्या व्हिक्टोरिया बेकहॅमचंही गाणं बाजारात होतं, वर्तमानपत्रांनी त्या दोघींची कुस्ती लावली, पानंच्या पानं भरली. पहिल्या आठवड्यात कायलीच्या गाण्याच्या तीन लाखांवर प्रती गेल्या. चार आठवडे ब्रिटनमध्ये पहिलं. जगभरात चाळीस देशांत पहिलं. अमेरिकेत कायलीची आठवण पुसट झाली होती, तिथेही सातवं. ब्रिटनमधली एकूण विक्री दहा लाखांच्या पुढे. त्या कुस्तीच्या बातम्यांत कायली होती, व्हिक्टोरिया होती, दोघींचे कपडे होते. कंसातली दोन नावं शोधायला बातमीदाराला वेळ नसतो. पुढच्या वर्षी लेखकांसाठीच असलेले आयव्हर नोव्हेलो पुरस्कार झाले, तेव्हा मात्र या गाण्याचं नाव पुकारलं गेलं. तो पुरस्कार गाणाऱ्याला नव्हे, लिहिणाऱ्यांना देतात.

नाकारलेली स्थळं

कायलीनं हे गाणं वीस सेकंदांत घेतलं, पण त्यानंतरचं एक सोडलं. ते ‘टॉक्सिक’.

पॉप गाण्यांचा हा बाजार बाहेरून कळत नाही. आपण समजतो की गायिका मनातलं गाते. प्रत्यक्षात गाणी स्थळांसारखी फिरत असतात. डेमो म्हणजे पत्रिका. लिहिणारी स्वतःच गाऊन ती तयार करते, कंपनीचा माणूस मध्यस्थ होऊन ती घरोघर दाखवतो, आणि बहुतेकदा निरोप येतो की ‘जमत नाही’. कॅथीनं ब्लडशाय अँड अवांट (वरचे कार्लसन आणि विनबर्ग ते हेच) आणि यॉनबॅक यांच्यासोबत दोन गाणी लिहिली. एक ‘स्वीट ड्रीम्स माय एलए एक्स’. ते मनात ब्रिटनीला धरून लिहिलेलं, तिच्या गाजलेल्या प्रेमभंगाला दिलेलं उत्तर. ब्रिटनीनं ते घेतलं नाही. मग ते एस क्लब सेव्हनमधून बाहेर पडलेल्या रेचल स्टीव्हन्सला मिळालं आणि २००३ मध्ये ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेलं. दुसरं ‘टॉक्सिक’ कायलीला दाखवलं, तिनं नको म्हटलं, आणि ते ब्रिटनीकडे गेलं. म्हणजे ब्रिटनीसाठी शिवलेला कपडा रेचलच्या अंगावर, आणि कायलीला दाखवलेला ब्रिटनीच्या. दोन्ही अंगाला बसले.

कायलीनं पुढे याची तुलना जाळ्यातून निसटलेल्या माशाशी केली होती. राग नव्हता तिला.

‘टॉक्सिक’ २००४च्या सुरुवातीला सिंगल म्हणून, म्हणजे सुटं गाणं म्हणून आलं. ब्रिटनमध्ये पहिलं, अमेरिकेत नववं. आता आईच्या व्हायोलिनकडे परत येतो. हे गाणं स्टॉकहोममध्ये आणि हॉलिवूडमध्ये बनलं. पण त्याचा कणा मुंबईत वाजलेला. प्यारेलाल व्हायोलिन शिकले ते गोव्याच्या माजोर्ड्याच्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे, आणि हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदात व्हायोलिनच्या रांगा गोव्याच्या वादकांनी कित्येक दशकं सांभाळल्या. १९८१ मध्ये ज्या कुणाचा गज त्या तारांवरून फिरला, त्यांची नावं कंसातसुद्धा नाहीत. कॅथी डेनिसचं नाव कुणी वाचत नाही म्हणून मी हळहळतोय, पण तिच्याही खाली असे मजले आहेत, हे लिहिताना जाणवत राहतं.

फेब्रुवारी २००५ मध्ये ‘टॉक्सिक’ला सर्वोत्कृष्ट डान्स रेकॉर्डिंगचं ग्रॅमी मिळालं, ब्रिटनीचं आजवरचं एकमेव. या विभागातलं ग्रॅमी गाणाऱ्याला, निर्मात्यांना आणि मिक्स करणाऱ्याला असतं. नुसत्या लेखकाला नाही. म्हणजे त्या सोनेरी ग्रामोफोनवरही कॅथीचं नाव नाही.

कंसाची किंमत

मग या बाईला मिळालं काय? इथे हिशेबाची वही उघडावी लागते, कारण या प्रकरणातला निर्णय त्याशिवाय समजत नाही.

एका गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक म्हणजे चाल आणि शब्द. दुसरी म्हणजे त्या चालीचं अमुक एका आवाजातलं ध्वनिमुद्रण. ब्रिटनमध्ये पहिलीचे पैसे पीआरएस ही संस्था गोळा करून लेखकांना आणि प्रकाशकांना देते. दुसरीचे पीपीएल ही संस्था रेकॉर्ड कंपनीला आणि कलाकारांना. गाणारीचा वाटा कंपनीच्या करारात अडकतो. व्हिडिओचा खर्च, जाहिरात, आगाऊ दिलेली रक्कम हे वळतं झाल्यावर उरलं तर उरलं. लेखकाच्या वाट्यातून कुणाच्या केशभूषेचा खर्च वजा होत नाही.

अमेरिकेत तर याहून विचित्र आहे. तिथल्या साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर लिहिणाऱ्याला पैसे मिळतात, गाणाऱ्याला एक पैसाही नाही. म्हणजे १९९१ मध्ये ‘टच मी’ अमेरिकेच्या गावोगावी वाजत होतं तेव्हा कॅथीला रेडिओकडून जे काही मिळालं असेल ते आवाजाचं नव्हतं, नव्या शब्दांचं होतं. बावीस वर्षांच्या मुलीला हे आपल्या रॉयल्टीच्या कागदावर दिसत असणार. स्वतः गायचं थांबवून लिहीत राहायचा १९९७चा निर्णय त्या कागदावर आधीच लिहिलेला होता असं मला म्हणूनच वाटतं.

(आपल्याकडे हे भांडण जुनं आहे. गायकांना रॉयल्टी मिळावी म्हणून लताबाईंनी साठच्या दशकात धरलेला आग्रह आणि त्यावरून रफीसाहेबांशी आलेला दुरावा सगळ्यांना ठाऊक आहे. गीतकार-संगीतकारांचा रॉयल्टीचा हक्क कायद्यात पक्का व्हायला मात्र २०१२ची दुरुस्ती यावी लागली. इंग्लंडच्या लेखकाला हे आयतं मिळालेलं होतं.)

आणि वय. हा मुद्दा पैशाइतकाच मोठा आहे, पण त्याबद्दल कमी बोललं जातं. पॉपमध्ये पस्तिशीच्या बाईला रेकॉर्ड कंपन्या पायऱ्या चढू देत नसत. कायली हा अपवाद म्हणूनच त्याची एवढी चर्चा झाली. ‘टॉक्सिक’ आलं तेव्हा गाणारी बावीस वर्षांची होती आणि लिहिणारी चौतीस. २००७ मध्ये शुगाबेब्ज या मुलींच्या गटाचं ‘अबाउट यू नाऊ’ ब्रिटनमध्ये पहिलं, लेखक कॅथी आणि डॉ. ल्यूक या नावानं काम करणारा अमेरिकेचा संगीत निर्माता. २००८ मध्ये केटी पेरीचं ‘आय किस्ड अ गर्ल’ सात आठवडे अमेरिकेत पहिलं; गाणारी तेवीस, आणि चार लेखकांपैकी एक एकोणचाळीस वर्षांची नॉर्विचची बाई. कंसात जन्मतारीख छापत नाहीत.

जे सुटलं

आयडॉलची गोष्ट सांगायची राहिली. फुलरनं २००१ मध्ये ब्रिटनमध्ये ‘पॉप आयडॉल’ सुरू केलं. त्याचं शीर्षकसंगीत ज्युलियन गिंगेल आणि बॅरी स्टोन यांच्यासोबत कॅथीचं, आणि तेच ‘अमेरिकन आयडॉल’लाही वाजलं. पहिला विजेता विल यंग; त्याच्या दुहेरी सिंगलमधलं ‘एनिथिंग इज पॉसिबल’ कॅथी आणि ख्रिस ब्रेड यांचं, आणि त्या सिंगलच्या पहिल्याच आठवड्यात दहा लाखांहून जास्त प्रती गेल्या. त्याच साच्याचा ‘इंडियन आयडॉल’ २००४ मध्ये आपल्याकडे आला आणि आपण सगळ्यांनी अभिजीत सावंतसाठी रात्री जागून एसएमएस पाठवले, ते वेगळं.

मला या प्रकरणातली हीच गोष्ट जरा खुपते. नव्या गायकाला तीन महिन्यांत तारा करणारी ही यंत्रणा पुढे दरवर्षी नवा चेहरा आणायची आणि जुना विसरायची. स्वतः त्या चक्रातून गेलेली बाई त्या यंत्राला संगीत पुरवत होती. तिला ते खुपलं का, ते तिचं ती जाणे. तिनं मुलाखती फार दिल्या नाहीत. पण विल यंगसारख्या मुलाला पहिलं गाणं चांगलं मिळावं हे पाहणारं कुणी आत होतं, असंही म्हणता येईल. मी दोन्ही बाजूंनी विचार करून बघितलाय, आणि पारडं रोज वेगळीकडे झुकतं.

दुसरी सुटलेली गोष्ट म्हणजे तिचा आवाज. तो मोठा नव्हता, पण स्वच्छ होता, आणि ‘टू मेनी वॉल्स’मध्ये शेवटच्या कडव्यात ती जिथे जोर काढून घेते तिथे मला अजून काटा येतो. तिची गाणी पुढे गाणाऱ्या कुठल्याही गायिकेनं अशा जागी जोर काढून घेतला नसता, वाढवला असता.

भाचीला मी हे सगळं सांगितलं नाही. एवढं ऐकायला ती थांबलीच नसती. मी तिला फक्त १९९१चा ‘टच मी’चा व्हिडिओ दाखवला. तिनं तो पूर्ण बघितला, मग म्हणाली, “बरी गाते की! मग बंद का केलं?” आणि उत्तराची वाट न बघता तिनं खाली सरकवून लेखकांची नावं उघडली, त्यातल्या डेनिसवर बोट ठेवलं आणि पुढची यादी वाचायला लागली. कायली. एस क्लब. केटी पेरी. प्रत्येक नावाला तिचा आवाज थोडा थोडा चढत गेला. “मामा, हे पण? अरे, हे पण?”

आतून आई ओरडली, “ते लताचं लावा आता.”